कोऱ्या रकान्यातला ऊस

१९९८ च्या मे महिन्यात सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका वाडीच्या सगळ्या शिवारात ऊस उभा असल्याचं तालुका कचेरीच्या संगणकानं छापून दिलं. त्या दिवशी वाडीत प्यायचं पाणी टँकरनं आलं होतं. पुढच्या आठवड्यात तो टँकर बंद झाला. नोंदीला जबाबदार असलेल्या अव्वल कारकुनानं त्यानंतर जे केलं ते बऱ्याच जणांनी पाहिलं. मी तेव्हा त्या तालुक्याचा वार्ताहर होतो, म्हणून मीही पाहिलं.

त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मूळचे सांगलीकडचे, बदलीवर आलेले. बायको, घर आणि म्हैस सांगलीतच होती. सोमवारी सकाळच्या एसटीनं ते येत तेव्हा एका हातात भडंगाचा डबा असे आणि दुसऱ्या हातात खिडकीची जागा धरण्यासाठी आत टाकलेली टोपी. कचेरीत त्यांच्याकडे जमिनीच्या नोंदींचं काम होतं. गावोगावचे सातबारे संगणकात भरायचे, भरलेले तपासायचे आणि बदल झाला की तो चढवायचा, हे ते काम.

संगणक आला तेव्हा अर्धी कचेरी दारात उभी होती. भाऊसाहेबांनी बाजारातल्या बैलाभोवती मारावी तशी त्याच्याभोवती फेरी मारली.

"दात कुठं हाईत ह्याचं?"

बसवायला आलेल्या मुलानं हसत कळफलक पुढं केला. भाऊसाहेबांनी तो वाकून निरखला.

"लय दात हाईत," ते म्हणाले. "खाणार बक्कळ."

यंत्रासाठी जुन्या रेकॉर्ड रूमला लागून असलेली खोली रंगवून घेतली होती. कचेरीतला एकमेव एसी तिथं होता. रावसाहेबांच्या, म्हणजे तहसीलदारांच्या, डोक्यावर नुसता पंखा. त्यामुळे उन्हाळा लागला की रावसाहेबांना यंत्राच्या खोलीत काही ना काही तपासायचं निघे. भाऊसाहेबांना मात्र गारवा सोसत नसे. बाहेर डांबर पाघळत असताना ते आत कानटोपी, मफलर आणि भावाचा मिलिटरीतला कोट घालून बसत. खातेदारालाही आत यायचं तर पाय धुऊन, पुसून, दाराबाहेरच्या खुंटीवरचा स्वेटर घालावा लागे. स्वेटर गुलाबी होता. भाऊसाहेबांच्या बायकोनं तो स्वतःसाठी विणला होता आणि माप चुकल्यावर कचेरीला देऊन टाकला होता. पाटाकडचे बागायतदार, तालमीतले पैलवान आणि एक निवृत्त सुभेदार त्या गुलाबी स्वेटरात आपला सातबारा बघत ताठ उभे राहिलेले तालुक्यानं पाहिले आहेत.

सुभेदारांनी कारण विचारलं होतं. "मला थंडी वाजत नाही. मी लडाखला होतो."

"तुमाला वाजू नये म्हणून न्हाई, सुभेदार," भाऊसाहेब म्हणाले. "तुमी शिंकाल, ते त्याच्यावर पडंल."

यंत्राशी ते आदरानं बोलत. वीज गेली की बॅटरीचा डबा टीं टीं करू लागे. मग भाऊसाहेब खुर्चीतून उठून "आवं, आलो आलो, एवढं वरडायला काय झालं," असं म्हणत जात. पण यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. "त्याला लाज नसती," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. "म्हणून आपल्याला दुप्पट ठेवाय लागती."

एकदा एका खातेदाराच्या क्षेत्रापुढे पाच पानं नुसती शून्यं छापून आली. तो म्हातारा कागद घडी घडीनं उलगडत गेला आणि शेवटी गुलाबी स्वेटरासकट खाली बसला.

"भाऊसाहेब, एवढं हाय व्हय आपलं?"

भाऊसाहेबांनी कळफलक उलटा करून आपटला. शून्याच्या बटणाखालून भडंगातला शेंगदाणा बाहेर पडला.

"न्हाई," ते म्हणाले. "एवढा शेंगदाणा हाय."

त्या दिवसापासून भडंगाचा डबा रावसाहेबांच्या टेबलावर गेला.

त्यांचा नियम एकच होता: पाय लावल्याशिवाय सही नाही. शेत स्वतः जाऊन पाहिलं नाही तर ते कुठल्याही नोंदीवर सही करत नसत. लुनावरून शिवारात जायचे, चपला काढायच्या, शेतात उजवा पाय टेकवायचा, समोर असेल त्या पिकाचा नमुना कोटाच्या खिशात टाकायचा आणि परत यायचं. त्यामुळे हंगामाप्रमाणे त्यांच्या खिशात ज्वारी, घेवडा, हरभरा असे. हरभऱ्याच्या दिवसांत शिपाई त्यांचा कोट झटकायला आपणहून पुढे येत.

दोन चुलतभावांचा बांधावरून वाद होता. भाऊसाहेब गेले, बांधावर उभे राहिले, एक पाय एकाच्या शेतात ठेवला आणि दुसरा दुसऱ्याच्या. मग दोघांना सांगितलं, मला भूक लागली आहे, दोन्ही घरून जेवण येऊ द्या. ते आलं. भाऊसाहेब पाय न हलवता दोन्ही ताटं जेवले. जेवण होईपर्यंत मोजणीदाराची साखळी त्यांच्या दोन पायांमधून नेऊन झाली होती.

"बांध हितंच हाय," हात धूत ते म्हणाले. "भाजी तेवढी तिकडची चांगली हाय."

दुसऱ्या चुलतभावाच्या बायकोनं ते मनाला लावून घेतलं. तिनं पुढच्या खेपेला कोंबडं कापलं, पण तोवर वाद मिटला होता.

असा माणूस एकदाच पाय न लावता पीक सांगून बसला. त्यातून वाडीत ऊस उगवला.

नोंदी भरायला साताऱ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमधल्या मुली येत. पाटाकडच्या गावांचं काम चालू होतं. सातबाऱ्यावर दर वर्षी कोणतं पीक उभं आहे ते लिहायचा रकाना असतो. त्या भागात पीक एकच, ऊस. तलाठ्यांनी निम्म्या ठिकाणी लिहायचंही सोडून दिलं होतं. कोरा रकाना दिसला की तो ऊस, हे तिथं शेंबडं पोरही सांगे. मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊस, ऊस, ऊस असंच बडवत. एकीनं बोटाला चिंधी बांधली. दुसरीनं भाऊसाहेबांसमोर बोटं उघडमीट करून दाखवली, ती उघडत होती पण मिटत नव्हती.

भाऊसाहेबांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला बोलावलं.

"ह्याला सांगा, कोरा रकाना दिसला की ऊस म्हणायचं. पोरींच्या बोटांना आराम पडू द्या."

मुलानं तशी सोय केली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात काम इतकं पुढं गेलं की रावसाहेबांनी भडंगाचा डबा स्वतः उघडून सगळ्यांना वाटला.

पाटाकडची गावं संपली. मग माळाकडची गावं घेतली. सोय काढून टाकायची कुणाच्या लक्षात राहिली नाही. वाडीत लागोपाठ दोन वर्षं पाऊस नव्हता. पेरणीच झाली नाही तर लिहायचं काय, म्हणून वाडीच्या तलाठ्यानं सगळे रकाने कोरे ठेवले होते.

भाऊसाहेबांनी वाडीच्या नोंदींवर सही केली नव्हती. पाय लावायचा राहिला होता. पण जिल्ह्याला आकडेवारी सहीवर नव्हे, फ्लॉपीवर गेली. जिल्ह्यात नुकतेच एक मोठे साहेब आले होते. त्यांना आलेखांची आवड होती. रंगीत छपाईचं यंत्रही नवीन होतं. उसाच्या आलेखात सगळ्यात उंच हिरवी पट्टी वाडीची निघाली. साहेबांनी दोन हुकूम दिले. एक, बागायत गावांचे टँकर बंद करावेत. दोन, माळावर अशी किमया करणाऱ्या वाडीच्या सरपंचांचा आपण स्वतः जाऊन सत्कार करू.

सरपंच बाई होत्या. नवरा मुंबईला गोदीत, सासू घरी, दारात दोन म्हशी. त्या कचेरीत आल्या तेव्हा मी खोलीतच होतो. पाय धुवायला त्यांनी नकार दिला.

"आमच्याकडं प्यायला न्हाई आन् तुमी पाय धुवाय लावताय व्हय?"

भाऊसाहेबांनी त्यांना तसंच आत घेतलं. तसं त्या खोलीत पहिल्यांदाच घडत होतं. स्वेटर मात्र बाईंनी घातला. तो त्यांना बरोबर बसला.

"आवं भाऊसाहेब, आमच्या वाडीत ऊस हाय म्हनं," बाई म्हणाल्या. "कुठं हाय तेवडं दावा. म्हशींस्नी चाऱ्याला वाढं तरी हुईल. टँकर बंद झाल्यापासनं बाया पल्याडच्या वाडीला घागरी घिऊन जात्यात आन् तिथल्या बाया शिव्या देत्यात. ह्या बाजाराला निम्मी गुरं दावणीची सुटत्याली. माजी बी."

भाऊसाहेबांनी वाडी पडद्यावर काढायला लावली. पडदा वरून खाली सरकत गेला. ऊस. ऊस. गायरानात ऊस. ओढ्यात ऊस. स्मशानभूमीत ऊस.

"मेल्यावर तरी रस पाजताय म्हणायचं," बाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी कानटोपी काढली. एसीत त्यांचं डोकं उघडं मी तेवढ्या एकदाच पाहिलं.

"बाई, हा ऊस मी लावलाय," ते म्हणाले.

चूक कळली तरी ती पुसता येत नव्हती. जिल्ह्याला गेलेली नोंद बंद होत असे. ती उघडायची तर प्रत्येक गटाचा, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा, जागेवर पंचनामा हवा, पंचांच्या सह्या हव्यात आणि वर साहेबांचा हुकूम हवा. त्या कामासाठी तारीख मिळाली ती पावसाळ्यातली. बाजार पुढच्या आठवड्यात होता. सत्कार बाजाराच्या आदल्या दिवशी होता.

रावसाहेब घाबरले. पाटाकडच्या एखाद्या गावाला वाडीची पाटी लावावी, साहेबांना तिथं फिरवून आणावं, असं त्यांनी सुचवलं.

"पाटी लावता येईल," भाऊसाहेब म्हणाले. "पाय कसा लावणार?"

"अहो, साहेबांनी पाहिलं तर तुमची नोकरी जाईल!"

"त्यांनी न बघता टँकर गेलाय."

शनिवारी भाऊसाहेब सांगलीला गेले. सोमवारी परत आले तेव्हा एसटीच्या टपावरून गुळाची ढेप उतरली. भडंगाचा डबा त्या खेपेला नव्हता.

सत्काराच्या दिवशी कचेरीच्या माणसांनी पाटाकडून ट्रॅक्टरभर हिरवागार ऊस आणून वाडीच्या वेशीवर कमान बांधली. मोठे साहेब आले. हलगी वाजू लागली. कमान अरुंद होती म्हणून गाडी वेशीबाहेरच थांबली आणि साहेब कमानीखालून चालत आले. रावसाहेबांनी स्वागताचं भाषण सुरू केलं. वाडीतल्या शेळ्यांनी कित्येक महिन्यांत एवढं हिरवं एका जागी पाहिलेलं नव्हतं. "या भूमीत हरितक्रांतीची" इथपर्यंत भाषण आलं तेव्हा कमानीचा डावा खांब संपला होता. उजव्यावर मेंढ्या चढत होत्या. सरपंचबाई एका हातात सत्काराचा नारळ आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन त्यांना हाकत होत्या.

भाऊसाहेब पुढे झाले. हातात छापील कागदांची चवड होती.

"साहेब, सत्कार मागनं. आधी पाय."

"म्हणजे?"

"शेतात पाय लावायचा. आमच्याकडं पद्धत हाय."

साहेबांना पद्धत आवडली. चवडीतला पहिला गट निघाला. सगळे निघाले. हलगीवाल्याला थांब असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तोही निघाला.

पहिल्या गटावर भाऊसाहेबांनी चपला काढल्या, पाय टेकवला आणि खणखणीत वाचलं, "पीक, ऊस." हलगीवाल्यानं एक थाप दिली. समोर काळे दगड होते. एका दगडावर सरडा मान हलवत होता.

"तोडणी झाली वाटतं?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब, मुळासकट," सरपंचबाई म्हणाल्या. "दगडं तेवडी ठिवली बियाण्याला."

"पुढचा गट. पीक, ऊस." थाप. तिथं निवडुंग होतं.

"पुढचा. पीक, ऊस." थाप. तिथं काहीच नव्हतं. सरडाही नव्हता.

वाडीतली पोरं आता प्रत्येक गटाच्या आधी "पीक?" असं ओरडू लागली आणि म्हातारी माणसं "ऊस!" म्हणून उत्तर देऊ लागली. रावसाहेब रुमालानं तोंड पुसत मागं राहत गेले. स्मशानभूमीपाशी पोचेपर्यंत गर्दीतल्या बाया एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होत्या. साहेब हसत नव्हते. प्रत्येक गटावर भाऊसाहेब कागद पुढे करत आणि पंच म्हणून साहेबांची सही घेत. पहिल्या काही सह्या साहेबांनी उत्साहानं केल्या, मधल्या विचारात पडून आणि शेवटच्या वाचून.

मग बाभळीखाली सतरंजी टाकली. उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी देतात तसं सरपंचबाईंनी ताटलीतून गूळ आणला. साहेबांनी मोठा खडा तोंडात टाकला. चघळला. थांबले. इकडं तिकडं पाहिलं.

"पाणी?"

"पानी टँकरनं येतंय साहेब," बाई म्हणाल्या.

"मग आणा ना त्यातलं."

"टँकर बंद हाय."

साहेबांनी ड्रायव्हरकडं पाहिलं. गाडीतलं पाणी घाटात रेडिएटरला गेलं होतं.

"कुणी बंद केला टँकर?"

हलगी थांबली होती. साहेबांच्या गालात गूळ तसाच होता.

"ऊस असलेल्या गावाला टँकर देत न्हाईत, साहेब," भाऊसाहेब म्हणाले.

"आणि हा गूळ? हा कुठला?"

"रेकॉर्डप्रमाणं हितलाच. चवीप्रमाणं सांगलीचा."

आधी सरपंचबाईंनी पदर तोंडाला लावला. मग रावसाहेबांच्या नाकातून आवाज आला. साहेबांनी हसायचं टाळलं, पण तोंडात गूळ असताना ते जमलं नाही. त्यांना ठसका लागला आणि ठसका थांबवायला पाणी नव्हतं. भाऊसाहेबांनी त्यांची पाठ थोपटली. थोपटता थोपटता सांगितलं, "कोऱ्या रकान्यात ऊस भरायला मी लावलं. यंत्रानं ऐकलं. त्याची चूक न्हाई."

ठसका थांबल्यावर साहेबांनी शेवटच्या गटाच्या कागदामागं, एका दगडावर ठेवून, टँकर सुरू करण्याचा हुकूम लिहिला. ड्रायव्हर तो घेऊन तालुक्याला गेला. गाडी गेल्यामुळे साहेबांना बाभळीखालीच बसावं लागलं. दुपारी टँकर आला. वाडीच्या रिवाजाप्रमाणे पाहुण्याचा तांब्या आधी भरला. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला वाडीची गुरं गेली नाहीत.

सत्काराची शाल सरपंचबाईंनी घेतली नाही. "किमया ह्यांची," असं म्हणून त्यांनी ती भाऊसाहेबांच्या खांद्यावर टाकली. "गार खोलीत वापरा." पुढं ती गुलाबी स्वेटराशेजारच्या खुंटीवर गेली आणि खातेदारांना निवड मिळाली.

साहेबांनी पंच म्हणून सही केलेल्या पंचनाम्यांवर साहेबांनीच हुकूम दिला. महिनाअखेरीला वाडीतला ऊस रेकॉर्डवरून गेला. भाऊसाहेबांना कारणं दाखवा नोटीस आली. त्यांनी उत्तर पाठवलं: "कारण, मुलींची बोटं दुखत होती. पुन्हा होणार नाही." त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी एसीच्या खाली चिकटवली. गार वाऱ्यानं ती दिवसभर फडफडत असे.

सत्काराच्या दिवशी शेळ्यांच्या तोंडातून काठीनं सोडवलेली उसाची काही कांडकी सरपंचबाईंकडं उरली होती. टँकर उभा राहतो त्या जागेला लागून त्यांचा गट होता. टँकरचा नळ गळका होता. तिथल्या ओल्यात त्यांनी ती कांडकी पुरली.

पुढच्या वर्षी पीकपाहणीला भाऊसाहेब लुनावरून वाडीत गेले. त्या गटात चपला काढून त्यांनी पाय लावला. नमुना म्हणून एक पेर तोडून घेतलं, तिथंच उभं राहून खाल्लं आणि चोथा खिशात टाकला. कचेरीत येऊन त्यांनी भरणाऱ्या मुलीला ती नोंद स्वतः सांगितली. पीक भरून झालं. पाणी कशाचं, या रकान्यात यंत्र अडलं. त्याच्या यादीत विहीर, कालवा, नदी आणि तलाव एवढंच होतं. भाऊसाहेबांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला पुन्हा बोलावलं.

त्या वर्षीच्या उताऱ्यावर वाडीतल्या एका गटापुढे ऊस आहे. क्षेत्र अर्धा गुंठा. पाण्याचं साधन, टँकर. खाली भाऊसाहेबांची सही आहे.